काजांविना शर्ट

गिऱ्हाईक शर्ट परत घेऊन आलं तेव्हा मास्तरांना हसू आवरेना. शिलाई नेटकी, कॉलर ताठ, बटणं ओळीत, आणि काज एकही नाही. डिंकाने चिकटवू का, असं त्या भल्या माणसाने विचारलंच. मास्तरांनी शर्ट ठेवून घेतला आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे रागाने पाहिलं.

काजं करणं हे बायकोचं काम. लग्न झाल्यापासून मास्तर कापायचे, शिवायचे आणि ती त्या स्टुलावर बसून काजं करायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हल्ली दुपारचं ऊन कापडाच्या ताग्यांवर उतरलं, मशीनचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला, की ती येऊन बसायची. सुईत दोरा ओवायची, कुणाची ना कुणाची उणीदुणी काढायची. आता समोर बसलेल्या माणसाला तू नाहीस म्हणून कसं सांगायचं? मास्तर शिवलेले शर्ट गुमान तिच्याकडे सरकवत.

लेकीच्या कानावर हे गेलं तशी ती धास्तावली. बापाचा रक्ताचा कॅन्सर औषधांनी आटोक्यात आला होता, रक्ताचे रिपोर्टही चांगले होते. पण ती त्यांना दाखवायला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं आणि सांगितलं, की रोगाच्या काही पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसल्यात, म्हणूनच हे भास. शिरेतून दिलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. आता ते पाठीतूनच सुईने द्यावं लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल.

मास्तरांनी एवढंच विचारलं, औषधाने ती यायची थांबेल का. बाई म्हणाल्या, बहुतेक थांबेल. झालं, मास्तर अडूनच बसले. आज नको, उद्या पाहू. लेकीने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी ती दुकानाच्या पायरीवर बसून रडली.

"बाबा, तुमच्याकडे आई येते. तुम्ही गेलात तर माझ्याकडे कोण येणार?"

त्या दुपारी मास्तरांनी स्टुलाजवळ बसून बायकोला सगळं सांगितलं. चोरी पकडली गेल्यासारखे चाचरत होते बिचारे. ती मान खाली घालून काज पुरं करत राहिली. मग दाताने दोरा तोडून म्हणाली, "पोर बाहेर ताटकळलीये. उठा आता."

हॉस्पिटलात मास्तर कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. सुई टोचली तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात धरून बसलेल्या लेकीने विचारलं, फार दुखतंय का.

"नाही गं," मास्तर म्हणाले, "तुझी आई दुसऱ्यांदा जातेय."