चाचांनी जोडलेला कॉम्प्युटर

मी बोलका माणूस. एकच गोष्ट पन्नास जणांना पन्नास तऱ्हेनं सांगितल्याशिवाय मला भाकरी पचत नाही. मला आडवा आलेला बिबट्या पहिल्या वर्षी मांजराएवढा होता, आता बैलाएवढा झालाय. पण ही एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

दोन हजार सालच्या आसपास हिर्डोशीला आमच्या घरात कॉम्प्युटर आला. म्हणजे पोत्यातून, तुकड्यातुकड्यांनी आला. तयार घ्यायची ऐपत कुणाची? भोरला रेडिओ दुरुस्त करणारे युनूसचाचा होते. रेडिओ संपत चालले, तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस पुण्याला खेटे घालून कॉम्प्युटर जोडायला शिकला. आमचा हा त्यांनी जोडलेला पहिलाच. भोरमधल्या तिघांनी त्यांना सांगून ठेवलं होतं — हिर्डोशीचा चालला की आम्हालाही जोडून द्या. त्यांचं पुढचं सगळं आमच्या त्या डब्यावर होतं. हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं.

जुना मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एसटीनं आले. ओसरीवर बसून एकेक स्क्रू पिळला. दुपारी पडदा उजळला तेव्हा अख्खं गाव दारात — म्हणजे सात-आठ माणसं. निघताना डब्यामागचं, व्होल्ट बदलायचं लाल बटण दाखवून म्हणाले, "अर्जुना, ह्याला हात लावू नगं. दोनशेतीसवरच ऱ्हाऊ दे. दुसरा आकडा भाईरच्या देशातल्या लाइटीचा हाय."

आता आमची लाइट कशी? तिन्हीसांजेला बल्ब पेटलाय का ते बघायला काडी ओढावी लागायची. कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. मी म्हटलं, लाइट अर्धी, तर बटणही अर्ध्यावर — एकशेपंधरावर. नखानं सरकवलं आणि चालू केलं. लाइट नेमकी तेव्हाच पुरी आली.

आवाज — लोकांना मी सांगतो, वरंधा घाटातली वानरं पार खाली महाडात जाऊन पडली. खरं सांगू? लवंगी फटाक्याएवढा आवाज, आणि करपल्याचा वास.

मग मी काय केलं? — इथंच अडतो मी दरवेळी. मी बटण परत दोनशेतीसवर सरकवलं. आणि मग चाचांना निरोप धाडला.

त्यांनी आल्या आल्या बटणच पाहिलं. मग सगळं उघडलं, काळा पडलेला तुकडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. तू काही केलंस का, असं विचारतील वाटलं होतं. विचारलं असतं तर — नाही, तरी खोटंच बोललो असतो. ते एवढंच म्हणाले, "माजाच हात चुकला आसंल. कुठं चुकला, त्ये कळंना."

एवढ्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण मी बोलका. एसटीत, लग्नात, भोरच्या बाजारात मी 'चाचांचा बॉम्ब' रंगवून सांगितला. लोक पोट धरधरून हसले. ते तिघे पुण्याहून तयार कॉम्प्युटर घेऊन आले. चौथा कुणी आलाच नाही. पुढं चाचांनी रेडिओ उघडणंही सोडलं. टॉर्चचे सेल आणि घड्याळाचे पट्टे विकत बसायचे. एकदा एक बाई साधी इस्त्री घेऊन आली. "ताई, दुसरीकडं दावा," चाचा म्हणाले. "माज्या हाताचा भरवसा न्हाई." मी शेजारीच बसलो होतो. त्यांनीच मागवलेला चहा पीत.

चार वर्षांमागं चाचा गेले. कब्रस्तानातून परत येऊन आम्ही त्यांच्या दारात बसलो. एकजण म्हणाला, "अर्जुना, त्यो चाचांचा बॉम्ब सांग की." त्यांच्या मुलानं मान वर केली — वडलांचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

मी सांगितला. सकाळपासून तो पहिल्यांदाच हसला.