बोतलगुरू

मुन्शी घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून दिगंबरकाका जलरंगातली चित्रं काढायचे. हात लांबवला असता तर गंगेला लागला असता. तरी ते ब्रश बुडवायचे तो घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात. उकळून, गार करून, फडक्यातून गाळलेलं पाणी. जगभरची माणसं इथून डबीत गंगा भरून नेतात आणि हा इथलाच माणूस घरून पाणी घेऊन गंगेवर येतो, ही गंमत नावाड्यांना कधी जुनी झाली नाही. त्यांनी काकांना नाव ठेवलं होतं, बोतलगुरू.

"का गुरू, गंगा मइया से झगड़ा हौ का?"

"झगड़ा नाहीं हौ. कागज क पेट कमजोर हौ," काका मान वर न करता म्हणायचे.

झगडा खरोखरच नव्हता. ते रोज नदीत स्नान करायचे, अर्घ्य द्यायचे, मग अंग पुसून बाटली उघडायचे. संकठा घाटामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं थोडी, त्यांतलं एक त्यांचं आणि एक माझं. मी शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. त्यांची मराठी आम्हा सगळ्यांसारखीच, घरात जपलेली आणि बाहेरच्या हिंदीने भिजलेली. "मास्तर, जरा सरका, धूप अडवताय," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

बाटलीबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी ब्रश पुसून ठेवला. मला घरी नेलं आणि आतल्या खोलीतलं एक चित्र दाखवलं. घाटावर संध्येला बसलेले त्यांचे वडील. उघडं अंग, खांद्यावर ओला पंचा, मिटलेले डोळे. काकांनी ऐन तारुण्यात, हौसेने, गंगेच्याच पाण्यात रंग कालवून काढलेलं. पुढच्या एकदोन पावसाळ्यांत कागदाला बुरशी धरली. वडिलांच्या कपाळावर, गालांवर तांबूस ठिपके उठले होते.

"बाबांना कधी देवी आल्या नव्हत्या," काका म्हणाले. "मी आणल्या."

वडील तोवर गेले होते. पुन्हा बसवून काढता येणार नव्हतं. डाग दिसले त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, पहाटे पाणी उकळायला ठेवू लागल्या.

काम करताना काका फार कमी रंग लावत. कागद आधी भिजवून, फळीवर ताणून चिकटवलेला असे. त्यावर नदीसाठी रंगाचा एक फिकट हात, घाटाच्या सावल्या, एखादी नाव. पलीकडची रामनगरच्या बाजूची वाळू ते कधी रंगवत नसत, तिथे कोरा कागदच राहू देत. मी विचारलं, हे अपुरं नाही वाटत? "दुपारी तिकडे बघवतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "नाही ना? मग मी काय लावू तिथे? जे दिसलं नाही ते लावायचं नाही." पांढऱ्या रंगाची ट्यूब त्यांच्या पेटीत नव्हती. चूक झाकायला ती कामी येते, म्हणून ठेवत नाही, म्हणायचे.

चित्रं विकली जात नसत. घर काकू चालवायच्या. महाराष्ट्रातून श्राद्धाला, तीर्थाला येणाऱ्या यात्रेकरूंना त्या जेवण करून घालायच्या. मी कधीही गेलो तरी त्यांच्या हाताला पीठ असायचं.

मग एकदा दिल्लीहून एका आर्ट गॅलरीचे मालक आले, मेहरासाहेब. एकेक चित्र उजेडात धरून त्यांनी दोनदा पाहिलं. दिल्लीत काकांचं एकट्याचं प्रदर्शन भरवू म्हणाले. मी तिथेच बसलो होतो. काकूंनी कधी नव्हे ती चहाबरोबर मिठाई आणली आणि दारात उभ्या राहिल्या. साठी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी बोलावत होतं.

"बस एक लाइन लिखनी है," मेहरासाहेब म्हणाले. "गंगाजल से बने चित्र."

"लेकिन बने तो नहीं हैं."

"वहाँ किसे पता चलेगा, चित्रकार साहब?"

"कागज को तो पता है."

मेहरासाहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "ठीक है, आगे से दो बूँद मिला लीजिए. फिर झूठ भी नहीं रहेगा."

काकांनी कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला. मला वाटलं, हो म्हणतील. काकूंनाही वाटलं असावं, कारण त्या दारातून एक पाऊल आत आल्या. "दो बूँद में भी वही है जो लोटे में है," काका म्हणाले, आणि मेहरासाहेबांना दाखवायला वडिलांचं चित्र घेऊन यायला आत गेले. ते चित्र पाहून साहेबांनी चहा संपवला आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

कप उचलताना काकू एवढंच म्हणाल्या, "दोन थेंबांनी काय बिघडणार होतं?"

"कागद," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी उकळलेलं होतं. आणखी कितीतरी वर्षं उकळत राहिलं. प्रदर्शन एकही झालं नाही. शहरात कधी चित्रांचा कार्यक्रम व्हायचा तेव्हा काकांना प्रेक्षकांत बसायचं निमंत्रण यायचं.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ते गेले. शेवटी काकूंनी त्यांच्या तोंडात गंगाजल घातलं. घाटावर एक नावाडी हळूच म्हणाला, "आखिर बोतलगुरू मइया क पानी ले ही लेलन." दोघेतिघे हसले. मलाही हसू आलं, त्याचं दुःख अजून आहे.

मग त्यांचा पुतण्या मिलिंद याने शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात स्मृतिप्रदर्शन भरवलं. दारातच पाटी होती, 'गंगाजल से बने चित्र'. खाली तांब्याचा लोटा, त्यात काकांचे ब्रश, भोवती झेंडूची माळ. गर्दी होती. एका बाईंनी चौकटीला हात लावून तो डोळ्यांना लावला. ही पांढरी जागा काय आहे, असं कोणी विचारलं तर मिलिंद सांगत होता, "ये गंगा की पवित्रता है." बहुतेक चित्रं पहिल्याच दिवशी विकली गेली. वडिलांचं चित्र मात्र मला कुठे दिसलं नाही. विचारलं तर म्हणाला, "वो तो खराब हो गई है, मास्तरजी." ती पाटी खरी ठरवू शकेल असं ते एकच चित्र होतं.

मी थेट काकूंकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या. पाटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मीच सांगितलं मिलिंदला," त्या म्हणाल्या. "त्या दिल्लीवाल्यांची ती लाइन मला पाठ होती."

त्यांनी हाताचं पीठ झटकलं.

"तुम्हाला वाईट वाटलं ना, मास्तर? वाटू दे. त्यांचं खरं मी जन्मभर पोळ्या लाटून चालवलं. आता माझं एक खोटं त्यांनी चालवून घ्यावं."

आतल्या खोलीत वडिलांचं चित्र जागेवर होतं. बाटली खिडकीत रिकामी उभी होती. मिलिंद ती फेकायला सांगून गेला होता, कोणी पाहिली तर प्रश्न विचारतील म्हणून. काकूंनी फेकली नव्हती.

ओट्यावर एक पातेलं होतं, त्यावर गाळायचं फडकं पसरलेलं. माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं.

"हाताला सवय आहे," त्या म्हणाल्या. "पहाटे उठते, उकळते, गाळते. मग ध्यानात येतं."

"मग काय करता त्या पाण्याचं?"

"भांडी विसळते."