सोळाही पोरी उतरल्या

अमरावतीत बेसबॉल बघायला येणारी माणसं किती? मैदानाच्या कडेला दोन दुचाक्या आणि एक ऑटो. पण भांडण मात्र अख्ख्या जिल्ह्याचं. कोणाला घेतलं, कोणाला सोडलं यावरून सराव संपल्यावरही आम्ही चहाच्या टपरीवरून हलत नसू.

त्या वर्षी आमच्या महिला संघाची कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बॉल झेलणारी पोरगी, अकोल्याने नेली. निवड समितीनेच ना-हरकत पत्र दिलं आणि बदल्यात तिकडची एक पोरगी घेतली.

"सोनं देऊन भंगार आणलं," ऑटोवाले काका म्हणाले.

"ते भंगार लांब मारते म्हणा," निवृत्त पीटी मास्तर म्हणाले.

"कोणाच्या बॉलवर मारते, थे बी सांगा ना मास्तर! शाळेच्या पोरीच्या!"

मी विद्यार्थी चळवळीत पत्रकं लिहून शिकलेला. मला याहून मोठा अन्याय दिसत होता. संघात सोळा पोरी, खेळतात नऊ. स्कोअरशीटवर नाव चढलं नाही, तर स्पर्धेच्या प्रमाणपत्राला काही किंमत नाही. मग बाकावर कोण कुजतं? जिच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, ती. आमची बॉल टाकणारी, म्हणजे पिचर, अशीच दोन वर्षं कुजली होती. नांदगाव पेठेच्या पुढे तिच्या घरची भाजीची वाडी. पहाटे मेथी काढून ती सरावाला यायची.

मी लिहिलं: निवडलेल्या प्रत्येकीला स्पर्धेत एकदा तरी मैदानात उतरवा, नाहीतर निवडीचं नाटक बंद करा. पत्रकं वाटायला ती पिचर स्वतः माझ्यासोबत फिरली.

मास्तरांनी वाचून चष्मा काढला. "लेका, या खेळात एकदा बाहेर काढलेली पोरगी त्या मॅचमधी परत येत नाही. इचार केला का?"

"मास्तर, तुम्ही कायम समितीचीच बाजू घेता," मी म्हणालो. समितीने आमची मागणी लेखी मान्य केली, तेव्हा मी सगळ्यांना गिलावडा खाऊ घातला.

राज्य स्पर्धा अकोल्याला होती. उपांत्य सामना हरलो. उरली तिसऱ्या नंबरची मॅच, समोर अकोला. पहिल्या तिनात आलं तरच खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीचा अर्ज करता येतो. भरती तोंडावर आली होती आणि पुढच्या भरतीला आमच्या पिचरचं वय बाद होणार होतं. सात इनिंगची मॅच. पाच झाल्या तेव्हा आम्ही चार-एकने पुढे. तिचा बॉल कोणाला दिसत नव्हता.

सहाव्या इनिंगला आमच्या मॅनेजरने नावांची यादी बघितली. पूर्ण स्पर्धेत न उतरलेली एकच पोरगी उरली होती, राखीव पिचर. त्याने हात वर करून बदल मागितला.

"तिला काढू नका!" मी जाळीला धरून ओरडलो.

"तुमीच तं लेखी घेतलं ना भाऊ!" तो तिकडूनच म्हणाला. "एक नाव राह्यलं तं उद्या माह्याच नावाचं पत्रक काढसान."

आमच्या पिचरने बॉल त्या पोरीच्या हातात दिला, पाठीवर थाप मारली आणि बाकावर जाऊन बसली. राखीव पोरीचा एकही बॉल नीट पडेना. चार बॉल बाहेर पडले की बॅटवाली फुकटात बेसवर जाते; तसे तिन्ही बेस भरले. मग बॅट घेऊन आली आमचीच जुनी कॅचर. बॉल कुंपणापार गेला. एका फटक्यात चार रन, अकोला पाच-चारने पुढे. शेवटच्या इनिंगला आमची एकही पोरगी दुसऱ्या बेसपर्यंत पोचली नाही.

काका लगेच सुरू झाले, "पुढच्या साली कॅचर वापस आणा, मंग पाहा!" मास्तर त्यांना थांबवत होते. मी पिचरपाशी गेलो.

"हे मी सोडणार नाही. लिहितो," मी म्हणालो.

"काय लिहाल भाऊ? मी दोन साल बाकावर होती. त्या पोरीले उतरवलं ते चुकलं, असं लिहाल?"

मी तिची बॅग उचलून बाकावर ठेवली.

"सोळाही जणींचं नाव चढलं," ती बूट सोडता सोडता म्हणाली. "अन सोळाही कागद बिनकामाचे."

त्याच आठवड्यात तिचा भरतीचा अर्ज मीच माझ्या मोबाइलवर भरला. नाव, जात, शिक्षण झालं. पुढे विचारलं होतं, खेळाडू आहात का? मी तिच्याकडे बघितलं.

"नाही लिहा," ती म्हणाली.