छपरावर फेकलेला लाल जोडा

मुस्लूम उस्ताला शेम्सीचं काही म्हणजे काही बघवत नसे. समोरच्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की ह्याच्या पोटात दुखायला लागे, आणि तेच गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाहेर पडलं की ह्याला चहा जास्त गोड लागे. अँतेप शहराच्या जोडेबाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आपण ते लपवून आहोत असं मुस्लूमला वाटत होतं.

दुखणं जुनं होतं. दोघेही आबुझेर उस्ताच्या हाताखाली येमेनी शिवायला शिकले. येमेनी म्हणजे खिळा न मारता, आतली बाजू बाहेर काढून मेणाच्या दोऱ्याने शिवायची आणि मग ओली करून सुलटवायची, असा चामडी जोडा. मुस्लूम आधीचा, दहा वर्षांनी मोठा. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, म्हणून नवीन आलेल्या शेम्सीला त्याने मुस्लूमच्या बाजूला बसवलं. दोन वर्षं मुस्लूमने त्याला टाका दाखवला, तोही टपल्या मारत. एके दिवशी म्हातारा शेम्सीच्या शिवणीवरून बोट फिरवून हसला आणि म्हणाला, "मुस्लूम, तुझा जोडा गेला रे छपरावर!"

आमच्याकडे घरात धाकटं मूल जन्मलं की थोरल्याला हेच म्हणून चिडवतात. थोरली मुलं चार दिवस रुसतात आणि विसरतात. मुस्लूम तीस वर्षं रुसला. शेम्सीच्या कमरेला शिकून उस्ता, म्हणजे उस्ताद, झाल्याचा पट्टा बांधला, त्या दिवशी हा ताप आल्याचं सांगून घरी पांघरूण घेऊन पडला होता. त्यानंतर शेम्सीचा जोडा त्याने कधी हातातसुद्धा घेतला नाही.

मग नुरदानचं लग्न ठरलं. मुस्लूमची एकुलती एक मुलगी. जोडेवाल्याच्या मुलीने बापाने शिवलेली लाल येमेनी घालून घर सोडायचं, ही रीत. मुस्लूमने वसंतातच लाल चामडं आणून ठेवलं होतं. रोज बाहेर काढायचा, कुरवाळायचा आणि परत ठेवायचा. मुलीने विषय काढण्याची वाट बघत होता, आणि मुलगी काही विषय काढेना.

मेंदीच्या दिवशी सकाळी, बायकोने मागितलेली चादर शोधताना, त्याला नुरदानच्या पेटीत लाल येमेनी सापडली. नवी कोरी. आत शेम्सीचा शिक्का.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकं नेलीस, म्हाताऱ्याची माया नेलीस, आता माझी लेकही? एक जोडा उचलून तो तसाच बाजारात गेला. भर दिवसा, सगळी दुकानं उघडी असताना, त्याने तो शेम्सीच्या छपरावर भिरकावला.

हातोड्या थांबल्या. अशी गोष्ट कोणी गमतीत करत नाही. वाईट माल विकणाऱ्याचा जोडा छपरावर टाकायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा, हा कातडी कमावणाऱ्यांच्या आद्य पीराच्या काळचा न्याय. गेल्या चाळीस वर्षांत तो कोणी वापरला नव्हता.

शेम्सी दारात आला. वर बघितलं, मग मुस्लूमकडे. "दादा, काय केलंत हे?"

"दादा म्हणू नकोस मला!"

बाजाराचे म्होरके वाहित उस्ता काठी टेकत आले. "आरोप केलास ना, मुस्लूम? मग तपासावं लागेल. काढा तो खाली."

जोडा खाली आला. वाहित उस्तांनी तो चहावाल्याकडच्या पाण्यात भिजवला आणि सावकाश टाच उलटवली. आतली शिवण उघडी पडली. त्यांनी जोडा मुस्लूमपुढे धरला.

"गाठ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मुस्लूमने वाकून बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. सगळा बाजार टाचेची शेवटची गाठ उजवीकडे मारतो. डावखुरा म्हणून फक्त मुस्लूम ती डावीकडे मारतो. ही डावीकडे होती.

"शेम्सी, तू उजवा ना रे?"

"उजवाच, उस्ता. पण असंच शिकलो. बदलावंसं वाटलं नाही."

"शिकवलं कोणी?"

"पट्टा बांधताना सांगितलंय की तुमच्या समोर."

वाहित उस्ता मुस्लूमकडे वळले. "तू नव्हतास त्या दिवशी. ताप आला होता म्हणे. आपल्या उस्तादाचं नाव घे म्हटल्यावर ह्याने दोन नावं घेतली. आबुझेर आणि मुस्लूम. म्हातारा रडला होता. आणि जोडा छपरावर गेला की मान कोणाची खाली जाते, हे तुला मी सांगायला नको. शिकवणाऱ्याची. आता बोल. वाईट आहे का शिवण?"

एवढ्यात कोणीतरी बोलावून आणलेली नुरदान धापा टाकत पोचली. हातावर ओली मेंदी, आणि ती वर धरलेली.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने तिलाच विचारलं. आवाज लहान झाला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही शिवली असती, बाबा. थरथरत्या हाताने, रात्रंदिवस बसून. आणि वाकडी झाली असती तर जन्मभर मनाला लावून घेतलं असतं." ती रडायला लागली. "तुमचा टाका येणारे एकच काका आहेत, म्हणून त्यांच्याकडे गेले."

मुस्लूमने आपला उजवा हात डाव्या हाताने धरला, मग डावा उजव्याने. थरथर दोन्हीकडे होती. घरात कोणाच्या लक्षात आली नसेल असं तो वर्षभर धरून चालला होता.

"शिवण चांगली आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने," वाहित उस्ता म्हणाले. "आरोप मोठ्याने केला होतास."

"चांगली आहे! माझ्यापेक्षा चांगली आहे!" तो ओरडला. मग खाली बसला, आपल्या उजव्या पायातला जोडा काढला आणि स्वतःच्याच छपरावर फेकला. वाहित उस्तांच्या हातातून ओली येमेनी घेऊन टाच सुलटवायला लागला. बोटं ऐकेनात. शेम्सी शेजारी येऊन बसला आणि चामड्याची दुसरी बाजू धरली. दोघं मिळून टाच जागेवर आणायला तेवढाच वेळ लागला जेवढा पूर्वी लागायचा.

"एवढं कशाला घट्ट धरतोस, गाढवा," मुस्लूम पुटपुटला.

"तुम्हीच शिकवलंत," शेम्सी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लग्नात नुरदानने रीतीप्रमाणे जोड्याच्या तळव्यावर बिनलग्नाच्या मैत्रिणींची नावं लिहिली. ज्या नावाची शाई आधी पुसली जाईल, तिचं लग्न आधी. ती नाचायला लागली तशा बायका वाकून वाकून नावं बघत होत्या. मुस्लूम टाच बघत होता. शिवण कुठे उसवते का, हेच अजूनही. हेवा एका दिवसात कुठला जातोय! पण शेजारी उभ्या एका पाहुण्याने विचारलं, "वा, जोडा काय सुरेख आहे! कोणी शिवला?"

मुस्लूमने समोर बसलेल्या शेम्सीकडे बोट केलं.

"त्याने," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "माझ्या हाताखाली शिकलाय."