गाऱ्हाण्यात आलेलं नाव

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही ठेवावा की नाही, ते ठरत नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, रत्नागिरीत सरकारी ऑफिसात लागलो. गावी कोणी देवाधर्माचे चमत्कार सांगू लागलं की मी उठून पाणी प्यायला जायचो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मला कोणी भोळा समजू नये.

साल २००१. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचा मुलगा संदेश घरातून गेला. अकरावी सायन्सला होता. परीक्षेत नापास झाला होता, हे तो गेल्यावर त्याच्या सरांकडून कळलं. क्लासला म्हणून निघाला... सायकल एसटी स्टँडबाहेर मिळाली.

स्टँडवर सायकल, म्हणजे पोरगं मुंबईला — सगळ्यांनी धरूनच टाकलं. आमच्याकडे घर सोडणारा दुसरीकडे कुठे जाईल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. पोलिसांत तक्रार दिली तर हवालदाराचा पहिला प्रश्न, "मुंबईला कोण आहे तुमचं?" मुंबईत नोकरीला असलेले गावचे चाकरमानी कामावरून सुटले की दादर, परळ, कुर्ला धुंडाळत होते. इथे लोकल केबलवर खालच्या पट्टीत त्याचं नाव फिरत होतं. मी स्टँडवर बोरिवली, ठाणे, परळ गाड्यांच्या कंडक्टरांना फोटो दाखवत उभा. घरी फोन वाजला की बायको हातातलं टाकून धावायची, आणि राँग नंबर असला तरी रिसीव्हर लगेच ठेवायची नाही.

मुंबईहून काहीच येईना. तेव्हा गावाहून थोरला भाऊ आला. म्हणाला, "देवाला गाऱ्हाणं घालूया."

"तुझा देव सायन्सची पोरं शोधतो काय?"

"तुझ्या पोलिसांनी शोधली? शिकलास म्हणून देवळात यायला लाज वाटत असंल तर बाहेर उभा राहा. संदेशची आई येईल."

बायकोने चपला घातल्यासुद्धा होत्या.

ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी — गुरव देवापुढे मोठ्याने अडचण मांडतो, माणसाचं नाव घेऊन, आणि जमलेले लोक दर वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. आमचे गुरवकाका संदेशच्या बारशाला जेवलेले. नारळ ठेवून त्यांनी सुरुवात केली, "बा देवा महाराजा, तुझं हे लेकरू दत्ताराम घर सोडून गेलंय..."

"होय महाराजा."

मी मध्येच म्हटलं, "काका, संदेश."

त्यांनी मान हलवली. आणि पुन्हा, "त्या दत्तारामाला, जिथं असंल तिथनं, आईबापापुढं आणून उभा कर..."

लोक एकमेकांकडे बघत होते, पण "होय महाराजा" म्हणाले. बाहेर आल्यावर मी काकांना धारेवर धरलं. ते स्वतःच घाबरले होते. "भाऊ, मी संदेशच बोलाय गेलू. तोंडात दुसरंच आलं." पुन्हा घाला म्हटलं, तर थोरला भाऊ म्हणाला, एकदा घातलेलं मागं घेत नाहीत.

आमच्या भावकीत दत्ताराम कोणी नाही. परतताना गाडीत मी बायकोला म्हटलं, "आता देव दुसऱ्याचाच मुलगा आणून देणार."

मग आमचे दिवस फार वाईट गेले. रेल्वेरुळांवर कोणी सापडलं की पोलीस मला बघायला बोलवायचे. चादर बाजूला करेपर्यंत जे होतं, ते लिहिता येत नाही.

शेवटी बायकोने संदेशच्या मित्राला घरी जेवायला बोलावलं. रागावली नाही, काही नाही. जेवता जेवता तो रडायला लागला. म्हणाला, "काकी, तो बोटीवर जायचं म्हणत होता. जयगडला." (कोणाचं मूल गेलं असेल तर एवढं ऐका. मित्रांना पहिल्याच दिवशी विचारा, पण दरडावून नको.) जयगड गाडीच्या कंडक्टरला मी फोटो दाखवलाच नव्हता.

आम्ही पहिल्या गाडीने जयगड बंदरावर. फोटो दाखवत फिरलो. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. ऊन चढलं. मी परत फिरायला निघालो, तर बायको मासळी निवडणाऱ्या एका बाईपाशी थांबली आणि विचारलं, "मावशी, इथे दत्ताराम नावाचा मुलगा आहे का हो?"

मला संताप आला. पण ती बाई म्हणाली, "तो नवा? मुका आहे काय असं वाटतं तो? त्या निळ्या बोटीवर बघा."

निळ्या बोटीवर एक काळवंडलेला पोरगा पाठमोरा बसून जाळं साफ करत होता. मान मी ओळखली. हाक मारली, "संदेश." इंजिन बंद होतं, वारा नव्हता. त्याने वळून बघितलं नाही. पुन्हा मारली. नाही.

मग बायकोने हाक मारली, "दत्ताराम..."

तो वळला. आम्हाला बघून आधी ओळख पटेना असा चेहरा, आणि मग "आई" म्हणून रडू फुटलं.

बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, भला माणूस. त्याने सांगितलेले दिवस मी जुळवून बघितले. पोरगा आधी बंदरावरच्या शेडमध्ये पडून होता, कोणाशी बोलला नव्हता. बोटीवर घेताना तांडेलाने नाव विचारलं, ते आमच्या गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे देवळात नाव आधी घेतलं गेलं... पोराने ते नंतर सांगितलं.

"हेच नाव का?" मी संदेशला विचारलं.

"माहीत नाही बाबा. माझं आठवेना. हे होतं."

ऑफिसातले म्हणाले, कोकणात दगड मारला तर दत्तारामला लागतो, योगायोग आहे. असेल. मीही मनात तसंच म्हणून बघितलं, पण त्याने वळून न बघणं कशात बसवू?

संदेश आज नोकरीला आहे, बरा आहे. मी अधूनमधून हा विषय काढतो, गुरवकाकांनाही पुन्हा विचारून आलो. बायको म्हणते, "तुम्हाला मुलगा हवा होता की उत्तर?"

मला दोन्ही हवं होतं. मुलगा मिळाला.