टीव्ही बघून बदलणारी आमची टीम

आमच्या जळगावच्या फुटबॉल टीमचे किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचे कोच नाना परदेशातली मॅच बघतात आणि सकाळी टीमची स्टाईल बदलतात. यंदा तर कमिटीने त्यांना बजावलंच होतं, "धुळ्याला हरवा, नाहीतर शिट्टी खाली ठेवा!"

*

स्पेनचे छोटे पास बघून नानांनी फर्मान काढलं, "बॉल गुडघ्याच्या वर गेला नाही पाहिजे!" आमचं ग्राउंड काळ्या मातीचं, उन्हाळ्यात ही भेग! दुसराच पास भेगेत अडकला. समोरच्याने तो निवांत उचकटून नेला आणि गोल केला.

नाना म्हणाले, "पास बरोबर होता. जमीन चुकली!"

*

मग नानांना टीव्हीवरून समजलं, की स्ट्रायकरने पुढे उभंच राहायचं नाही, मागे यायचं. आमचा किरण मागे आला. त्याला बघून आम्ही सगळेच मागे आलो. समोरच्या शिंदखेड्याच्या टीमचा गोलकीपर, कोणीच येईना म्हणून कंटाळून खांबाला टेकून बसला आणि ओरडला, "भो, कोनी ई राहिना का नही इकडे?"

*

पुढची फॅशन, प्रत्येकाने समोरचा एकेक माणूस धरायचा आणि तो जाईल तिकडे धावायचं. तेही जळगावात, मे महिन्यात! थोड्याच वेळात किरण लिंबाखाली माठाजवळ सापडला. नाना भडकले.

किरण म्हणाला, "त्यांचा डिफेंडर पाणी प्यायला आला, मी मागोमाग आलो. तुम्हीच म्हणालात ना, त्याला सोडू नको!"

*

शेवटी धुळ्याची मॅच. आमचा गोलकीपर रफिक, त्याची किक म्हणजे तोफ. पण नानांनी ती बंद केली होती. "आजकालचा गोलकीपर किक मारत नाही, पास देतो!"

मॅच संपत आली, बरोबरी. बॉल रफिककडे, अंगावर धुळ्याचे तिघं. मला खरंच नानांची कीव आली. म्हाताऱ्याची शिट्टी आता जाणार!

रफिकने पाय मागे घेतला.

"नको रे!" नानांनी डोळेच झाकले.

बॉल गेला उंच. धुळ्याचे कोच आबाही टीव्ही बघणारे, त्यांचा गोलकीपर नव्या पद्धतीने पार पुढे येऊन उभा. बॉल त्याच्या डोक्यावरून टप्पा घेत जाळ्यात!

आबा तावातावाने आले. "नाना, हाई कोनती स्टाईल?"

नानांनी डोळ्यांवरचा हात काढला, जाळ्यातला बॉल बघितला आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

"आबा, तुम्ही टीव्ही देखतस का नही? आते हाईच स्टाईल चालू शे!"