सहा पट्ट्यांची छाती

गुरुजी म्हणाले, "वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी तुमचा कोल्हापूरचा प्रवास लिहून द्या. अंबाबाई, रंकाळा, सगळं येऊ द्या." मी तीन दिवस कोल्हापुरात होते. अंबाबाईला गेले नाही आणि रंकाळा लांबूनही दिसला नाही. मी दवाखाना बघितला, वाळू तपासायची जागा बघितली आणि पंख्याचं कॉलेज बघितलं. तेच लिहिते. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन गुरुजींनी दुरुस्त करावं, मजकूर बदलू नये.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. माझे मालक कोल्हापुरात फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, हे काम. बावीस वर्षं केलं. मग खोकला लागला, वाळत गेले आणि आठ वर्षांपूर्वी वारले. बाजारगावच्या डॉक्टरनं छातीची प्लेट उजेडाला धरून टीबी सांगितला होता. त्यामुळं शेवटचे अकरा महिने मी त्यांना गोठ्याच्या पडवीत ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. हे गावानं बघितलेलं आहे. कुणी मला नाव ठेवलं नाही, उलट शहाणी म्हणाले.

यंदा दवाखान्यातून पत्र आलं. फौंड्रीतल्या माणसांच्या फुफ्फुसावर संशोधन चाललं आहे, मालकांची जुनी प्लेट आणि कागद असतील तर घेऊन या. कागद ट्रंकेत होते. प्लेटचे मात्र तुकडे झाले होते. मागल्या ग्रहणाला आळीतली पोरं काळी काच मागत होती, तेव्हा मीच ती प्लेट काढून कात्रीनं सहा पट्ट्या केल्या. सगळ्यांनी त्यातून सूर्य बघितला. मेलेल्या माणसाची छाती तेवढीच कामाला आली, असं मी म्हटलंही होतं. पत्र आल्यावर दारोदार फिरून पाच पट्ट्या गोळा केल्या. सहावी मिळाली नाही.

सकाळच्या एसटीनं निघाले. कारखान्याला ऊस जात होता, गाड्यांच्या मागं एसटी रांगत होती. उन्हानं पट्ट्या वाकतील म्हणून पिशवी पदराखाली धरली. शेजारी कागलचा एक माणूस बसला होता, म्हशी बघून परत निघालेला. त्याला गप्प बसवत नव्हतं.

"काय वं मावशी, पिशवीत काय लपवलंय एवढं?"

"नवऱ्याची छाती हाय."

तो हसला. मी एक पट्टी काढून दाखवली. बरगड्या बघून त्याचं हसणं गेलं आणि पुढं दोन सीट रिकाम्या झाल्यावर तो तिकडं जाऊन बसला. "लागंल बिगंल," असं पुटपुटला. मला राग आला नाही. मीही तेच केलं होतं.

माझा मुलगा दत्तू उद्यमनगरजवळ खोली घेऊन राहतो. बाप गेल्यावर बापाच्याच फौंड्रीत, बापाच्याच जागेवर लागला. त्याचं लग्न व्हायचं आहे. दुपारी मला खाणावळीत घेऊन गेला. भाकरी, वांग्याची भाजी आणि खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा). भाकरी कच्ची होती. खाता खाता दत्तू खोकला. पाणी प्याला, परत खोकला.

"किती दिवस हाय ह्यो खोकला?"

"खरडा तिखट हाय."

"तुझ्या ताटात खरडा न्हाय, दत्तू."

त्यानं ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "जेव की गप. आल्या आल्या इन्स्पेक्टरगिरी करायला लागलीस."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. माणसं फरशीवर झोपलेली, फिनेलचा वास, आणि कुणालाही काही विचारलं की "पुढं जावा." पुढं जाता जाता बऱ्याच खोल्या लागल्या. एका खोलीत बरण्यांमध्ये माणसांची काळजं आणि आतडी ठेवलेली. एका खोलीत सापाच्या विषावर काम चाललं होतं. साप दिसला नाही, पांढरा उंदीर दिसला. तो मला जिवंत माणसांपेक्षा नीट ठेवलेला वाटला.

ज्यांनी पत्र लिहिलं त्या डॉक्टरीणबाई शेवटच्या खोलीत होत्या. वय तिशीचं, डोळ्यांखाली काळं. मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"प्लेट."

"हे कुणी केलं?"

"मी. गिरान (ग्रहण) बघायचं होतं."

त्या ओरडतील असं वाटलं, पण ओरडल्या नाहीत. दिव्याच्या पेटीवर एकेक पट्टी लावून चिकटपट्टीनं जोडली. मालक परत उभे राहिले. डावीकडं एक पट्टी कमी होती, तिथून नुसता उजेड येत होता. मग बाईंनी ट्रंकेतले कागद वाचले. ते इंग्रजीत आहेत. आठ वर्षं माझ्याकडं होते आणि गावात कुणी वाचून दाखवले नव्हते. मीही दाखवायला नेले नव्हते.

"आजी, यांची थुंकी तीनदा तपासली होती. एकदाही टीबीचे जंतू मिळाले नाहीत. आणि हे ठिपके बघा, वरच्या भागात. ही वाळू आहे. बारीक धूळ आत जाऊन बसते, फुफ्फुस दगडासारखं होतं."

"मग टीबी?"

"मला तरी तो टीबी वाटत नाही."

"दुसऱ्याला लागतो का ह्यो रोग?"

"नाही. वाळू एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत जात नाही."

मी स्टुलावर बसले. बाईंनी पाणी दिलं, ते प्याले. गोठ्याचं मी त्यांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. त्या "तुम्हाला माहीत नव्हतं" म्हणाल्या. हे सगळे म्हणतात. मालकांनी एकदा पडवीतून विचारलं होतं, "दत्तूला जरा जवळ बसू दे की." मी नको म्हटलं होतं. हे बाईंना सांगितलं नाही, इथं लिहिते.

मग बाईंनी मला त्यांचं कोडं सांगितलं. भट्टीजवळ, ओतून झाल्यावर साच्याची गरम वाळू फोडतात तिथं सगळ्यात जास्त धूळ उडते. पण आजार मोल्डर लोकांना जास्त होतो, आणि ते तर लांब बसतात. असं का, ते त्यांना कळत नव्हतं. मला तेव्हा काही सुचलं नाही. डोक्यात पडवी होती. त्यांना फौंड्रीतली धूळ भौतिकशास्त्राच्या कॉलेजात तपासायला द्यायची होती आणि न्यायला माणूस नव्हता. मी म्हटलं, "माझा मुलगा त्याच फौंड्रीत हाय. चिठ्ठी द्या, मी नेते." बाई म्हणाल्या, "मग उद्या मुलालाही घेऊन या. त्याचीही प्लेट काढू."

खोलीवर येऊन दत्तूचे मळके शर्ट वर्तमानपत्रावर झटकले. दोन शर्टांत ओंजळभर निघालं. पुडी बांधून शहरबसनं निघाले.

भौतिकशास्त्राच्या कॉलेजातले मास्तर जाड चष्म्याचे. पुडी उघडून बोटानं चोळली आणि खूश झाले. फौंड्रीतली धूळ बघून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. त्यांच्याकडं एक लोखंडी कपाट होतं. छातीची प्लेट काढतात तेच किरण त्यात वाळूवर सोडतात, मग कणाच्या आतली मांडणी कळते, कुठली वाळू घातक तेही कळतं. एवढं मला समजलं. भिंतीवर ग्रहणाचे फोटो होते, सूर्य चंद्रकोरीएवढा झालेला.

"आम्ही काळ्या काचा लावून काढले," मास्तर म्हणाले. "तुमच्या गावात लोकांनी बघितलं का?"

"बघितलं. नवऱ्याच्या बरगड्यांतनं."

त्यांना कळलं नाही. मी समजावलं नाही. त्यांनी विचारलं, "ही धूळ तुम्हाला कुणी आणायला सांगितली?" मी दवाखान्याच्या बाईंची चिठ्ठी पुढं केली. ते म्हणाले, "अच्छा, त्या छातीवर काम करतात होय? मला वाटलं वाळूवर करतात." मग त्यांनी पलीकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजचं सांगितलं. तिथं कुणीतरी फौंड्रीसाठी पंखा करत आहे, नाव आठवत नव्हतं. एकाच धुळीवर तीन हुशार माणसं बसली आहेत आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही. आमच्या गावात एका विहिरीवर तीन भाऊबंद असतात, तसंच.

मी पंख्याच्या कॉलेजातही गेले. बोलावलं नव्हतं. अंगणात दोघं जण सिमेंटचा ठोकळा यंत्रात घालून फोडत होते आणि किती जोरानं फुटला ते लिहून घेत होते. आत पंखेवाले इंजिनेर. त्यांनी पत्र्याचं मोठं धुरांडं केलं होतं, वर पंखा, आणि खाली उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघत होते. देवाची उदबत्ती यंत्राला लावलेली मी तिथं बघितली. धूर सरळ वर ओढला जात होता.

"हे कुठं बसवणार?" मी विचारलं.

"भट्टीपाशी. गरम वाळू फोडतात तिथं. धूळ तिथं उडते ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "आनी मोल्डर कुठं बसतो?"

"तो लांब बसतो. त्याला एवढा त्रास नाही."

मी खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. फरशीवर हातानं पेटी दाखवली (साचा करायची लोखंडी चौकट). मालक घरी सुट्टीला आले की चुलीपुढं राखेत पोरांना करून दाखवायचे, तसं दाखवलं. साचा चिकटू नये म्हणून पुरचुंडीतली पांढरी पावडर त्यावर झटकायची. मग तोंड साच्यात घालायचं आणि सुटे कण फुंकून काढायचे. फुंकताना डोळे मिटायचे. श्वास परत घ्यायचा तोही तिथंच, तोंड साच्यात असतानाच. दिवसाला शंभर वेळा. भात्यानं उडवलं तर साच्याची कड ढासळते, म्हणून चांगला मोल्डर भाता वापरत नाही. "भाता शिकाऊला," मालक म्हणायचे. त्यांच्या फुंकरीचं फौंड्रीत नाव होतं.

इंजिनेरांनी उदबत्ती विझवली. "तोंडानं?" म्हणाले. "मी चार वेळा फौंड्रीत गेलो. मला हे दिसलं नाही."

"तुम्ही गेलं की कोन फुंकंल? सायबापुढं भाता घ्यायचा, ही पद्धत हाय."

त्यांनी कपाटातून एक रबरी फुगा काढून दिला, मूठभर, पुढं बारीक नळी. दाबला की हवा बारीक येते. "हा मुलाला द्या. कड ढासळणार नाही. आणि ही गोष्ट दवाखान्यातल्या बाईंना मी आजच सांगतो. पत्ता द्या." मी चिठ्ठीवरचा पत्ता दिला. माझ्या सगळ्या प्रवासात एवढंच एक काम धडपणे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तूला प्लेट काढायला नेलं. यायला तयार नव्हता. "डाग निघाला तर शेठ घरी बसवंल." मी म्हटलं, "बापाला मी घरी बसवलं, गोठ्यात. तुला उठवाय आलेय." तो आला. बाईंनी त्याची ओली प्लेट बापाच्या शेजारी लावली. दत्तूची अख्खी होती. वरच्या अंगाला मोहरीएवढे ठिपके होते, थोडेच.

"सुरुवात आहे," बाई म्हणाल्या. "हे ठिपके जात नाहीत. पण आता काम सोडलं तर वाढणं थांबेल कदाचित."

"आनी करू काय?" दत्तू म्हणाला. "मला दुसरं येत न्हाय."

पंखेवाल्यांचा निरोप बाईंना मिळाला होता. "निदान तोंडानं फुंकू नका," म्हणाल्या. मी फुगा त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा दाबून बघितला. "व्हय, चांगला हाय," म्हणाला. "ह्यानंच करीन. झालं समाधान?"

माझी एसटी दुपारची होती. तो अर्ध्या पाळीला कामावर गेला. मी पिशवी घेऊन फौंड्रीवरून गेले, निरोप घ्यावा म्हणून. दारात उभी राहिले. आत धुरकट, ओळीनं माणसं उकिडवी बसलेली. दत्तूची पाठ माझ्याकडं होती. त्याच्या हातात फुगा होता. शेजारचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय दत्तू, साच्याचं कान साफ करतूस व्हय? तुझा बा बगत आसंल की वरनं!" सगळे हसले. दत्तूही हसला. फुगा भिंतीच्या खिळ्याला अडकवला, वाकला, तोंड साच्यात घातलं आणि फुंकलं. बापासारखंच, डोळे मिटून.

मी हाक मारली नाही. मारली असती तर सायबापुढं करतात तसं माझ्यापुढं केलं असतं.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कुणी बोललं नाही ते बरं झालं. कोल्हापुरात विषावर, वाळूवर, सिमेंटवर, सूर्यावर माणसं अभ्यास करतात. सगळी मन लावून करतात, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण चार माणसं हसली की काय करायचं, यावर कुठल्या खोलीत काम चाललेलं मला दिसलं नाही.

दत्तूला मी पत्र लिहिलं आहे, दर आठवड्याला लिहिणार आहे. ज्याच्याकडं सहावी पट्टी असेल त्यानं ती आणून द्यावी, बाईंना हवी आहे.

घरी आले तेव्हा दिवस बाकी होता. मालकांचं जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) ताट गोठ्यात खिळ्याला तसंच होतं. आठ वर्षं कुणी हात लावला नव्हता. ते काढलं, राखेनं घासलं, त्यात भाकरी वाढून घेतली आणि जेवले. मला काही झालं नाही. तेव्हाही झालं नसतं.